त्रेचाळीस मीटर पश्चिमेला

शाळेच्या मागच्या खोलीतल्या कपाटात एकूण एकतीस वस्तू निघाल्या. नकाशे बारा, त्यातले नऊ गुंडाळलेले, दोन घडी घातलेले आणि एक कपाटाच्या तुटक्या पायाखाली आधाराला दिलेला. पृथ्वीगोल एक, दक्षिण ध्रुव हरवलेला. खडूचे तुकडे अकरा. हाताने वाजवायची घंटा एक, आतला लोलक नसलेली. बूट तीन, तिन्ही डाव्या पायाचे. पाली तीन, त्यांतल्या दोन मेलेल्या.

हे सगळं मोजणाऱ्या मुलीला गावात ‘मोजणी’ म्हणायचे. भूशास्त्राची पदवी घेऊन, नोकरीचं उत्तर येईपर्यंत ती आत्याकडे राहायला आली होती. आल्या दिवशीच तिने आत्याच्या घराच्या पायऱ्यांना टेप लावला आणि तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर उंच असल्याचं जाहीर केलं. आत्या लग्न होऊन आल्यापासून त्या पायरीवर ठेचकाळत होती.

“आणि इतकी वर्षं मी समजत होते की माझंच पाऊल वाकडं पडतं!” आत्या म्हणाली. “मोजणी आहेस झालं नुसती!” ते शेजारच्यांनी ऐकलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला कपाट रिकामं करायला सांगितलं होतं. मोजणीने बूट फेकले, खडू पुसून वर्गात दिले, जिवंत पालीला खिडकी उघडून दिली आणि नकाशे छातीशी धरून घरी आणले. त्यातला सगळ्यात चांगला नकाशा नेमका कपाटाच्या पायाखालचा होता. नव्वद वर्षांपूर्वीचा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर, इतका बारीक. टेकडीभोवती उंचीच्या तपकिरी रेषा, विहिरींचे निळे ठिपके आणि पायवाटांच्या तुटक तुटक रेघा. त्या काळात कुणीतरी माणूस दुर्बीण खांद्यावर टाकून हे सगळं गाव पायाखाली घालून गेला होता. मोजणी त्या कागदाकडे अशी बघत बसायची, की आत्याला वाटायचं पोरीला कुणाचं पत्र आलंय.

नेमक्या त्याच आठवड्यात बसच्या थांब्यावर सूचना लागली. बसखात्याचा नवा नियम होता. थांब्यापासून शाळेपर्यंतचं पायी अंतर एक हजार मीटरच्या आत नसेल, तर थांबा बंद. आणि रस्त्याने हे अंतर भरत होतं बाराशे चाळीस.

थांबा बंद म्हणजे बस बंद. बाकीच्या गावाची गैरसोय झाली असती; आत्याचं मात्र घरच सुटलं असतं. तिच्या डाव्या गुडघ्याला दर मंगळवारी शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि गुडघा काही एकटा जात नव्हता. शहरात तिचा मुलगा राहायचा, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. सूचना लागल्याचं कळताच त्याने फोन केला. “आई, आता तरी इकडे ये. तुझ्यासाठी बाल्कनी रिकामी केलीय.”

“किती मोठी आहे रे?”

“दोन कुंड्या बसतात.”

आत्याने फोन ठेवला आणि मोजणीला म्हणाली, “मी आता तिसरी कुंडी.” हसत हसत म्हणाली, पण शेगडीवरच्या सुपात मीठ दोनदा पडलं.

सूचनेच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. गावातल्या माणसांनी ती वाचली नव्हती. मोजणी बारीक अक्षरं आधी वाचायची. जुन्या सरकारी नकाशावर असलेली आणि आजही लोकांच्या वापरात असलेली पायवाट अंतर मोजताना धरली जाईल, असं त्या ओळीत म्हटलं होतं. मोजणी धावत घरी आली, तिने नकाशाचा फोटो काढला, कडेला छापलेल्या अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांवरून तो फोनमधल्या आजच्या नकाशावर बसवला, आणि बघते तर काय, शाळेपासून थांब्याच्या दिशेला एक तुटक रेघ सरळ निघाली होती. आत्याच्या पुढच्या दारातून ती आत शिरत होती, स्वयंपाकघरात ओट्याला घासत होती आणि मागच्या दाराने बाहेर पडत होती.

“आत्या, तू वाटेवर राहतेस.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझी शेगडी पायवाटेच्या मधोमध आहे. आधी वाट होती, मग घर झालं.”

“मग वाटेला म्हणावं जरा बाजूने जा. दूध उतू चाललंय माझं.”

मोजणीने नकाशा आणखी ताणून बघितला, तेव्हा तिला दुसरी गोष्ट दिसली. नव्वद वर्षांपूर्वीची नदी आजच्या नदीच्या पूर्वेला होती. त्रेचाळीस मीटर! नद्या सरकतात हे तिने चार वर्षं पुस्तकात वाचलं होतं; स्वतःच्या आत्याच्या गावची नदी सरकलेली ती पहिल्यांदाच बघत होती. वर्षाला साधारण अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. तिने पानभर टिपण लिहिलं, त्याला ‘एका लहान नदीचे स्थलांतर’ असं नाव दिलं, आणि त्या आनंदात पुढचा विचार करायचा राहूनच गेला.

गावसभेत तिने नकाशा भिंतीवर लावला. गावसभेचे अध्यक्ष म्हणजे आत्याचे धाकटे दीर. ते आत्याच्या शेजारीच, पश्चिमेच्या घरात राहायचे, एकटे. त्यांच्याकडे नऊ कोंबड्या होत्या आणि गावातला एकमेव बाथटब होता. तो त्यांनी शहरातून मागवला होता, आणि पाहुण्यांना ते पाणी देण्याआधी टब दाखवायचे. आत्याचं आणि त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या कोंबडीने आत्याच्या अंगणात अंडं घातलं होतं आणि आत्याने त्याचं ऑम्लेट केलं होतं. अंडं कोंबडीच्या मालकाचं की अंगणाच्या मालकिणीचं, हा प्रश्न सुटला नव्हता. तेव्हापासून दोघं समोरासमोर उभी असली तरी तिसऱ्या माणसाच्या मार्फत बोलत.

अध्यक्षांनी नकाशाला नाक लावलं. रेघ कुठून जाते ते कळलं, तशी त्यांची मिशी दोन्ही बाजूंनी वर चढली.

“वा! सरकारी कागद आहे. सरकारी कागदापुढे कुणाचं स्वयंपाकघर मोठं नाही. पोस्टमन, सांगा त्यांना.”

पोस्टमन बिचारा मध्ये बसला होता. त्याने आत्याकडे वळून सांगितलं, “वहिनी, स्वयंपाकघर मोठं नाही म्हणतायत.”

“त्यांना सांग, माझ्या स्वयंपाकघराची लांबी-रुंदी मला ठाऊक आहे.”

तेवढ्यात टोपीवाले आजोबा उठले. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस तेच, आणि टोपी त्यांच्याहून फार लहान नव्हती. “मला चांगलं आठवतंय,” ते म्हणाले. “मी पोर होतो. तिथूनच जायचो शाळेत. आता वहिनींचा ओटा आहे ना, तिथे एक दगड होता. त्या दगडावर बसून मी पाढे म्हटलेत.”

“सत्ताविसाचा म्हणा बघू,” मागून कुणीतरी ओरडलं.

“दगड उचलला, तेव्हाच विसरलो.”

आता सगळ्यांच्या नजरा आत्याकडे. एकीकडे स्वयंपाकघर, दुसरीकडे दोन कुंड्यांची बाल्कनी. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“पाय पुसून यायचं,” ती म्हणाली. “आणि पातेल्याला हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. वाट वापरात आहे हे दिसायला हवं, म्हणून जो तो आत्याच्या स्वयंपाकघरातून जायला लागला. सकाळी शाळेची पोरं रांगेने पुढच्या दाराने आत यायची आणि मागच्या दाराने बाहेर पडायची, आणि मध्ये ओट्यावरच्या डब्यातली बिस्किटं रांगेनेच कमी व्हायची. पोस्टमन पत्रं वाटायला निघायचा तो आत्याकडे टेकूनच पुढे जायचा. पाववाल्याने आपली टोपली ओट्यावर ठेवून तिथेच विक्री मांडली. तारांची कामं करणारा माणूस शिडी घेऊन आला. शिडी आत आली, पण वळेना. शिडीचं एक टोक पुढच्या दारात, दुसरं मागच्या दारात आणि मध्ये आत्या. तिला भाजी चिरायला तेवढीच आडवी फळी मिळाली.

पहिले दोन दिवस आत्याने प्रत्येकाला सुनावलं. मग तिच्या लक्षात आलं की गावातली प्रत्येक बातमी आता चालत तिच्या दारात येते, तीही पाय पुसून. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाच्या छपराला गळती लागली, सगळं आत्याला नाश्त्याआधी कळायला लागलं. तिने मोठं पातेलं काढलं आणि सुपात पाणी वाढवलं.

सगळ्यात जास्त फेऱ्या अध्यक्षांच्या व्हायच्या. ‘वाटेची पाहणी’ असं ते म्हणायचे. हात पाठीमागे बांधून आत यायचे, छताकडे बघायचे, जमिनीकडे बघायचे, आणि ओट्याजवळ आले की पातेल्याचं झाकण उचलायचे. आत्या पाठ करून उभी राहायची, पण शेजारी एक वाटी काढून ठेवलेली असायची. ती कुणासाठी, हे दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही.

“मोजणी, सांग त्यांना, मीठ कमी आहे.”

“मोजणी, सांग त्यांना, वाटेवर हॉटेल नाहीये.”

“सांग त्यांना, मी पाहणीला आलोय.”

“सांग त्यांना, पाहणी ओठांना लागलीय, पुसा.”

मोजणी आपलं सूप पीत राहायची. सगळं ऐकू जात होतंच.

इकडे तिच्या टिपणाला जोर चढला होता. नदीचा पुरावा आणखी पक्का करायचा म्हणून एके सकाळी ती जुना नकाशा आणि फोन घेऊन टेकडीवर गेली. टेकडीच्या माथ्यावर नकाशात एक छोटा त्रिकोण होता, उंची मोजल्याची खूण. जमिनीवर तो कोरलेला दगड अजून जागच्या जागी होता. मोजणी त्या दगडावर उभी राहिली आणि फोनमध्ये बघितलं. जुन्या नकाशातला माथा तिच्या पूर्वेला होता. त्रेचाळीस मीटर.

तिने फोन बंद करून पुन्हा लावला; आकडा तोच. मग खाली उतरून दगडाच्या खाणीपाशी गेली. खाण त्रेचाळीस मीटर. मग नदीवरच्या जुन्या पुलापाशी. त्याच्या दगडात बांधल्याचं साल कोरलेलं होतं, नकाशाच्याही आधीचं. पूल त्रेचाळीस मीटर.

नदी सरकते. टेकडी सरकत नाही. आणि नदीला सोबत म्हणून टेकडी, खाण आणि पूल एकाच दिशेला एवढंच अंतर चालत गेले असतील, असं म्हणायला पदवी लागत नाही. उलट पदवी असेल तर ती परत मागतात. नव्वद वर्षांपूर्वीच्या मोजणी करणाऱ्यांनी रेखांश ज्या जागेपासून धरले होते, ती जागा आजच्या पद्धतीतली नव्हती. आकडे तेच, पण त्यांची सुरुवात वेगळी. नकाशा आकड्यांवरून बसवायचा नव्हताच. तो बसवायचा होता पुलावर, टेकडीवर, म्हणजे जे हलत नाही त्याच्यावर. हे तिला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत विचारलं होतं. तिने बरोबर लिहिलं होतं.

म्हणजे ती वाट आत्याच्या स्वयंपाकघरातून कधी गेलीच नव्हती. मोजणीने बोटाने सगळा नकाशा उचलून पश्चिमेला त्रेचाळीस मीटर सरकवला. तुटक रेघ अंगणावरून, कुंपणावरून सरकली आणि अध्यक्षांच्या घरात जाऊन थांबली. पुढचं दार, बोळ, बाथरूम.

बसखात्याचा निरीक्षक पुढच्या आठवड्यात यायचा होता. तो खात्याचा नकाशा आणणार, आणि खात्याचा नकाशा नीट बसवलेला असणार. गप्प बसून भागणार नव्हतं. ती घरी आली तेव्हा आत्या एकटीच वाटाणे सोलत होती.

“आत्या, मी चुकले.”

“किती?” आत्याने विचारलं. भाचीला कुठला प्रश्न आधी विचारायचा हे तिला आता कळलं होतं.

“त्रेचाळीस मीटर.” आणि मोजणीने सगळं सांगितलं.

आत्याचा हात वाटाण्यांवरच थांबला. “म्हणजे उद्यापासून इथून कुणी जाणार नाही?” तिने मागच्या दाराकडे बघितलं. मोठं पातेलं शेगडीवर रटरटत होतं. “बरंच झालं म्हणा. कटकट गेली.” पण तिचा आवाज काही बरं झाल्यासारखा नव्हता. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि खरी वाट कुठून जाते?”

“काकांच्या घरातून.”

“घरातून म्हणजे कुठून?”

“बाथरूममधून.”

“बाथरूममध्ये तर टब आहे.”

“हो. टबातूनच.”

आत्याने वाटाण्यांची परात बाजूला ठेवली, कारण ती हातात धरून एवढं हसता येत नव्हतं.

पुन्हा गावसभा भरली. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांची मिशी या खेपेला दोन्ही बाजूंनी खाली आली.

“नव्वद वर्षांपूर्वीचा कागद!” ते म्हणाले. “त्या लोकांना काय अक्कल होती? कपाटाच्या पायाखाली होता तो! पाय तिरका, म्हणून नकाशाही तिरका.”

“पोस्टमन, त्यांना सांग,” आत्या म्हणाली, “सरकारी कागदापुढे कुणाचं बाथरूम मोठं नाही.”

पोस्टमनने सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा हशात ऐकू गेलं नाही.

टोपीवाले आजोबा उठले. “मला चांगलं आठवतंय. तो दगड अध्यक्षांच्या बाथरूमच्या जागीच होता.”

“आजोबा, तुम्ही तर ओट्याच्या जागी म्हणाला होतात!”

“मीही त्रेचाळीस मीटर चुकलो,” आजोबा शांतपणे म्हणाले आणि खाली बसले.

मोजणीने टेप काढला. शाळेपासून थांब्यापर्यंत, खऱ्या वाटेने, दोन दिवस खपून मोजलं. जमिनीवर टेप ताणून, प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या पातळीने सपाटी बघून. नऊशे शहाण्णव मीटर भरले. चार मीटर हातात होते. फक्त टब आडवा होता. तो बाथरूमच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घट्ट बसवलेला, आणि पलीकडे जायची खिडकी टबाच्या वर. टबात शिरून खिडकीतून बाहेर पडलं तरच ते नऊशे शहाण्णव. नाहीतर माघारी फिरून, मागच्या दाराने, कोंबड्यांच्या खुराड्याला फेरी मारून जायचं. तसं मोजलं तर हजार आणि वर अकरा.

अध्यक्षांना नाही म्हणता येईना, कारण नकाशातली वाट सगळ्यांना खुली करण्याचा पहिल्या सभेतला ठराव त्यांच्याच सहीचा. मग गाव त्यांच्या घरातून जायला लागलं. पोरं टबातून खिडकीवर आणि खिडकीतून बाहेर, एकामागून एक उड्या टाकायची. शाळेत जायला त्यांनी इतका उत्साह कधी दाखवला नव्हता. पाववाला टबात बसून टोपलीतले पाव मोजून बघायचा, कारण तिथे वारा लागत नसे. अध्यक्ष बोळात उभे राहून बघत राहायचे. त्यांचं आणखी एक दुःख होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वाट हलली, तसं त्यांना वहिनींच्या स्वयंपाकघरात पाहणीला जायचं निमित्त उरलं नव्हतं. आठवडाभर ते घरी उकडलेली अंडी खात होते.

निरीक्षक आला. शिडशिडीत माणूस, हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला चाक आणि चाकावर आकड्यांची खिडकी. जमिनीवरून चाक ढकलत न्यायचं, ते अंतर मोजत जातं. त्याने आपला नकाशा उघडला. वाट अध्यक्षांच्या घरातूनच होती. मोजणीचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही.

“हजाराच्या आत म्हणजे आत,” निरीक्षकाने सांगितलं. “वर एक सेंटिमीटर गेला तरी थांबा बंद. आणि चाक मी उचलत नाही. चाक उचललं तर मोजमाप बाद.”

शाळेच्या फाटकापासून तो निघाला. मागे सगळं गाव, आणि गावाच्या मागे गुडघा सांभाळत आत्या. चाक टकटक करत पुढच्या दारातून शिरलं, बोळातून गेलं, बाथरूमच्या दारात आलं आणि थांबलं.

टबात अध्यक्ष बसले होते. पाणी नव्हतं. अंगात कोट, गळ्यात टाय, पायात बूट.

“ही माझी अंघोळीची वेळ आहे,” ते म्हणाले.

“कोट घालून?” निरीक्षकाने विचारलं.

“थंडी आहे.”

निरीक्षकाने त्यांच्याकडे बघितलं, टबाकडे बघितलं, मग मागे वळून म्हणाला, “वाटेवर माणूस बसलाय. मला वळसा घेऊन जावं लागेल.” त्याने चाक माघारी वळवायला सुरुवात केली.

वळसा म्हणजे हजार आणि अकरा. “काका, उठा ना,” ती म्हणाली. पोस्टमन म्हणाला, पाववाला म्हणाला, टोपीवाल्या आजोबांनी तर सत्ताविसाचा पाढा म्हणायची धमकी दिली. अध्यक्षांनी टबाच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. “मी या गावाचा अध्यक्ष आहे. माझ्या टबात मी वाट सुरू झाल्यापासून एकदाही शांतपणे अंघोळ केलेली नाही. आठवडा झाला, साबणावर बुटांचे ठसे आहेत!”

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आत्या पुढे आली. तिने पोस्टमनकडे बघितलं नाही, मोजणीकडे बघितलं नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली.

सात वर्षांत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पोस्टमनने सवयीने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

“वहिनी,” अध्यक्ष अडखळत म्हणाले, “हे माझं घर आहे.”

“आहेच. मी कुठे नाही म्हणतेय? खुशाल बसा. मी जाते मुलाकडे, चौथ्या मजल्यावर. बाल्कनीत. मोठं पातेलं बरोबर नेते.”

“कुठलं पातेलं?”

“कुठलं काय विचारता? पाहणीच्या नावाखाली दिवसातून चारदा ज्याचं झाकण उचलायचात ते. आता सूप प्यायला चार मजले चढून यावं लागेल. आणि यायला बसही नसेल.”

टबाच्या कडांवरची अध्यक्षांची पकड सैल झाली. त्यांनी टाय सरळ केला.

“आज कशाचं आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“वाटाण्याचं.”

“आणि… मीठ?”

“तुम्हीच येऊन सांगा. तोंडाने. पोस्टमनला बाकीची कामं असतात.”

अध्यक्ष उठले. टबातून बाहेर पडताना त्यांनी आत्याला हात दिला की आत्याने त्यांना, हे गर्दीत नीट दिसलं नाही. निरीक्षकाने चाक पुन्हा वळवलं, आकडा मागच्या खुणेवर नेला, आणि टबाच्या कडेला टेकवलं.

तेव्हा कुठे मोजणीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचा टेप सपाट होता. तिने तो टबावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणला होता. पण हे चाक उचलायचं नव्हतं. ते टबाच्या बाहेरच्या बाजूने वर चढणार, आत उतरणार, तळावरून जाणार, पुन्हा वर, मग खिडकीपर्यंत भिंत, मग पलीकडून खाली. टबाची खोली तिने हिशेबात धरलीच नव्हती. ती मनात भराभर बेरीज करायला लागली, आणि दर बेरजेला उत्तर वेगळं यायला लागलं.

चाक टबाच्या कडेवर चढलं. टकटक. आत उतरलं. निरीक्षक बूट काढून टबात शिरला, कारण साबणाबद्दल त्याने ऐकलं होतं. चाक तळावरून गेलं, भिंतीवर चढलं, खिडकीच्या चौकटीवरून पलीकडे उतरलं. निरीक्षक खिडकीतून आधी दांडी, मग डोकं, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा पाय असा बाहेर गेला. सगळं गाव खिडकीतून मागोमाग. आत्याला अध्यक्षांनी मागच्या दाराने नेलं, खुराड्याला फेरी मारून, आणि एक कोंबडी आडवी आली तेव्हा म्हणाले, “हिचंच होतं ते अंडं.”

“छान होतं,” आत्या म्हणाली.

उतारावरून, कुंपणाच्या फटीतून, दगडी बांधाच्या कडेने चाक थांब्याकडे निघालं. मोजणी त्याच्या बरोबरीने चालत होती, वाकून, नाक आकड्यांच्या खिडकीला लावून. थांब्याचा खांब दिसायला लागला तेव्हा तिने डोळे मिटले. चाकाची टकटक मंद झाली. थांबली. आत्या मागून धापा टाकत पोचली आणि तिने मोजणीचा दंड धरला.

निरीक्षकाने चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकला आणि मोठ्याने वाचलं.

“नऊशे नव्व्याण्णव मीटर, चाळीस सेंटिमीटर.”